आईकडून आलेली प्रतिपिंडे आणि पोटात खुंटलेली वाढ

बाळ जन्मले की नाळेला दोन ठिकाणी चिमटे लावून ती मधून कापतात. वारेच्या बाजूला राहिलेल्या नाळेत थोडे रक्त उरते. हे रक्त आईचे नसते, बाळाचे असते. गर्भारपणभर ते बाळाच्या हृदयातून वारेत आणि वारेतून पुन्हा बाळाकडे फिरलेले असते. आईचे रक्त वारेच्या पलीकडच्या अंगाने वाहते आणि एरवी ही दोन रक्ते एकमेकांत मिसळत नाहीत. बाळाला सुई न टोचता त्याच्या रक्ताची तपासणी करण्याची संधी एवढ्याच वेळेला मिळते. रक्तगट, हिमोग्लोबिन, काविळीचे प्रमाण यांसाठी हे रक्त अनेक रुग्णालयांत घेतात. त्यातलीच प्रतिपिंडे मोजली तर बाळाचे पोटातले दिवस कसे गेले याबद्दल पुष्कळ काही कळते. बाळ दिवसांच्या मानाने लहान जन्मले असेल, तर ही माहिती आणखी मोलाची ठरते.

प्रतिपिंडे म्हणजे जंतूंना आणि त्यांच्या विषांना नेमके ओळखून धरून ठेवणारी प्रथिने. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार ती तयार करतो. आजार होऊन गेला किंवा लस टोचली की त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात दीर्घकाळ राहतात. नवजात बाळाच्या संदर्भात त्यांतले तीन प्रकार महत्त्वाचे आहेत. आयजीजी हा रक्तात सर्वांत जास्त आढळणारा आणि टिकाऊ प्रकार. आयजीएम हा आकाराने मोठा, नवा संसर्ग झाल्यावर सर्वांत आधी तयार होणारा आणि लवकर ओसरणारा. आयजीए मुख्यत्वे आतडे, श्वासमार्ग आणि आईचे दूध यांत असतो. यांपैकी फक्त आयजीजी आईकडून वार ओलांडून बाळापर्यंत पोचते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या नाळेत दर डेसिलिटर रक्तामागे साधारण एक हजार मिलिग्रॅम आयजीजी असते, आणि ते जवळपास सगळे आईचे असते. आयजीएम मात्र २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते आणि आयजीए नावापुरतेच.

आयजीजीच का पोचते, याचा उलगडा ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस विल्यम रॉजर्स ब्रॅम्बेल यांच्या कामापासून होत गेला. आयजीजीला ओळखून पलीकडे नेणारा एखादा ग्राही असला पाहिजे, असा तर्क त्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांडला. तो ग्राही पुढे प्रत्यक्ष सापडला आणि आज तो एफसीआरएन या नावाने ओळखला जातो. वारेच्या बारीक अंकुरांवर आईच्या रक्ताला भिडलेला पेशींचा एक थर असतो. तो आईच्या रक्तातले द्रव सूक्ष्म पिशव्यांत ओढून घेतो. पिशवीच्या आत आम्लता वाढते, त्या आम्लतेत आयजीजी ग्राहीला चिकटते, पिशवी बाळाच्या बाजूला जाऊन उघडते आणि तिथल्या कमी आम्लतेत ते सुटते. ग्राहीला न चिकटलेली इतर प्रथिने पिशवीतच मोडून जातात. आयजीए आकाराने आयजीजीच्या जवळपासचेच असूनही बाळापर्यंत जात नाही, कारण या ग्राहीला ते धरता येत नाही. म्हणजे आईची प्रतिपिंडे बाळाकडे आपोआप पाझरत नाहीत. जिवंत, धडधाकट पेशींनी शक्ती खर्च करून केलेले हे काम आहे. पुढचे बरेच काही या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

या वाहतुकीला वेळापत्रक आहे. साधारण १३व्या आठवड्यापासून ती सुरू होते, पण बराच काळ संथ असते. १७ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या रक्तात आईच्या तुलनेत फार तर पाच ते दहा टक्के आयजीजी असते. २८ ते ३२ आठवड्यांत ते निम्म्यापर्यंत पोचते. खरी भर पडते ती शेवटच्या तिमाहीत, त्यातही अखेरच्या चार आठवड्यांत. दिवस पूर्ण भरेपर्यंत बाळाच्या रक्तातले आयजीजी आईच्या बरोबरीला येते, कित्येकदा तिच्याही पुढे जाते. आयजीजीचे चार उपप्रकार आहेत. त्यांतला पहिला सर्वांत सहज पोचतो आणि दुसरा सर्वांत कमी. न्यूमोकोकससारख्या, शर्करेचे कवच असलेल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे बरीचशी या दुसऱ्या उपप्रकारातली असतात, त्यामुळे त्या बाजूने पूर्ण दिवसांचे बाळसुद्धा काहीसे उघडे असते.

आता वाढीचा प्रश्न. जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी वजन भरले तर त्या बाळाला कमी वजनाचे म्हणतात. पण वजन कमी असण्याची कारणे दोन, आणि ती वेगळी ओळखली पाहिजेत. काही बाळे दिवस भरायच्या आधीच जन्मतात. त्यांची वाढ ठीक चाललेली असते, फक्त ती पुरी व्हायला वेळ मिळालेला नसतो. दुसरी बाळे दिवस भरून जन्मतात, पण त्या दिवसांना शोभेल एवढी वाढलेली नसतात. त्याच आठवड्यांच्या शंभर बाळांना वजनाच्या क्रमाने लावले तर सर्वांत हलक्या दहांत जे बसेल, त्याला दिवसांच्या मानाने लहान समजतात. यातली काही बाळे आईवडीलच चणीने लहान म्हणून लहान असतात, त्यांना काही झालेले नसते. मात्र वाढण्याची क्षमता असूनही पोटात अडवले गेलेले बाळ म्हणजे गर्भाची खुंटलेली वाढ. सोनोग्राफीत पोटाचा घेर मागे पडत जातो आणि डॉप्लर तपासणीत नाळेच्या धमनीतला रक्तप्रवाह मंदावलेला दिसतो. जन्मल्यावर डोके त्या मानाने मोठे, हातपाय काटकुळे आणि कातडी सैल असते. संसर्गामुळे किंवा गुणसूत्रांच्या दोषामुळे सुरुवातीपासून वाढ अडली असेल, तर डोक्यासकट सगळेच लहान राहते. भारतात दिवसांच्या मानाने लहान बाळे जगात सर्वांत जास्त जन्मतात. २०१०च्या एका अंदाजानुसार त्या वर्षी देशात दिवसांच्या मानाने लहान अशी सुमारे एक कोटी २८ लाख बाळे जन्मली.

अकाली जन्मलेल्या बाळात आयजीजी कमी का असते हे वेळापत्रकावरूनच समजते. दिवस भरलेल्या, पण लहान राहिलेल्या बाळाला मात्र प्रतिपिंडे घेण्यासाठी पुरा वेळ मिळालेला असतो. तरीही त्याच्या नाळेत आयजीजी कमी सापडते, हे १९६०च्या दशकाच्या शेवटी स्पष्ट होऊ लागले. येउंग आणि हॉब्ज यांनी १९६८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या बाळांची मोजमापे प्रसिद्ध केली आणि त्यानंतर अनेक देशांतून तशीच निरीक्षणे आली. आईच्या रक्तात मात्र प्रतिपिंडांचा तुटवडा नसतो. कुपोषित आईच्याही रक्तात आयजीजी सहसा पुरेसे असते, कधी वारंवारच्या संसर्गांमुळे नेहमीपेक्षा जास्तसुद्धा. दोष वारेत असतो. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्यात जितक्या रुंदावायला हव्यात तितक्या रुंदावल्या नाहीत, किंवा रक्तदाब वाढून वारेचे भाग निकामी झाले, तर अंकुर कमी राहतात आणि त्यांवरच्या पेशींना प्राणवायू अपुरा पडतो. त्याच पेशी बाळाला साखर आणि अमिनो आम्ले पोचवतात आणि त्याच प्रतिपिंडेही पोचवतात. म्हणून वजन आणि आयजीजी एकाच वेळी मागे पडतात. वाढ किंचितच कमी असेल तर हा फरक नेहमी दिसतोच असे नाही. ती जितकी जास्त खुंटलेली आणि वार जितकी आजारी, तितका तो ठळक होतो.

आईच्या रक्तात एकूण आयजीजी फार वाढलेले असणेही बाळाच्या हिताचे नसते. ग्राहींची संख्या ठरलेली असते. मलेरिया, एचआयव्ही किंवा इतर दीर्घ संसर्गांनी आईचे आयजीजी भरमसाट वाढले की त्या गर्दीत गोवर किंवा धनुर्वाताविरुद्धची उपयोगी प्रतिपिंडे प्रमाणाने कमी पोचतात. आफ्रिकेतल्या मलेरियाग्रस्त भागांत हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. आजारपणातून गेलेल्या आईचे बाळ अधिक कणखर निघते, या समजाला इथे आधार मिळत नाही.

आयजीएमची गोष्ट वेगळी. ते आईकडून येऊच शकत नाही. त्यामुळे नाळेच्या रक्तात ते २० मिलिग्रॅमच्या वर निघाले, तर ते बाळाने स्वतः तयार केले आहे, म्हणजेच पोटात असतानाच त्याचा एखाद्या जंतूशी सामना झाला आहे, असा संशय घ्यावा लागतो. गर्भाला साधारण विसाव्या आठवड्यानंतर असा प्रतिसाद देता येतो. स्टीम, अ‍ॅमन आणि चेरी यांनी १९६६मध्ये ही मोजणी गर्भसंसर्ग ओळखण्यासाठी सुचवली. त्याआधी पंचवीस वर्षे, १९४१मध्ये, ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता हे दाखवून दिले होते, आणि बाहेरचा किरकोळ आजार आत गर्भाची वाढ उद्ध्वस्त करू शकतो हे तेव्हा जगाला कळले. रुबेला, सायटोमेगॅलो विषाणू, टोक्सोप्लाझ्मा, सिफिलिस हे वाढ खुंटवणारे प्रमुख संसर्ग. तरीही वाढ खुंटलेल्या बाळांपैकी थोड्यांमध्येच, ढोबळमानाने दहांत एकापेक्षा कमी बाळांत, कारण संसर्ग असते. बाळ लहान जन्मले की संसर्गाच्या महागड्या चाचण्यांची यादी लिहून देण्याची सवय काही ठिकाणी आहे, तिचे समर्थन या आकड्याने होत नाही.

आयजीएमच्या मोजणीत एक खाचही आहे. प्रसूतीच्या वेळी आईचे थोडे रक्त नमुन्यात मिसळले तर तिचे आयजीएम बाळाच्या नावावर जाते. नाळ पिळून रक्त काढले किंवा ती नीट पुसली नाही, तर असे होते. म्हणून आयजीएमबरोबर आयजीएसुद्धा मोजतात. दोन्ही वाढलेली असली तर आधी मिसळीची शंका घ्यायची आणि काही दिवसांनी बाळाचे रक्त पुन्हा तपासायचे. आईचे आयजीएम आठवडाभरात निम्म्याच्या खाली येते, बाळाचे स्वतःचे असेल तर ते टिकते किंवा वाढते. दुसरीकडे, सायटोमेगॅलो विषाणूची बाधा असलेल्या कित्येक बाळांत एकूण आयजीएम अगदी नेहमीसारखे निघते. त्या आजारासाठी पहिल्या तीन आठवड्यांत लघवी किंवा लाळेतला विषाणू थेट शोधणे हीच भरवशाची तपासणी.

आयजीजीच्या चाचण्या वाचतानाही ते आईचे आहे हे विसरून चालत नाही. एचआयव्हीबाधित आईच्या प्रत्येक बाळाची प्रतिपिंड चाचणी जन्मतः सकारात्मक येते आणि दीड वर्षापर्यंत तशी राहू शकते. त्यावरून बाळाला बाधा आहे असे कोणी सांगितले तर त्या कुटुंबावर घोर अन्याय होतो. त्यासाठी सहा आठवड्यांच्या सुमारास विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी असते. सिफिलिसमध्ये बाळाच्या रक्तातली प्रतिपिंडांची मात्रा आईच्या चौपट किंवा जास्त असेल तरच ती बाळाची स्वतःची मानतात.

काही प्रतिपिंडे मात्र बाळाच्या किंवा वारेच्याच विरुद्ध जातात, आणि वार त्यांत भेद करत नाही. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईची आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे पलीकडे जाऊन बाळाच्या तांबड्या पेशी फोडू शकतात. १९६८पासून उपलब्ध असलेल्या अँटी-डी इंजेक्शनाने हा आजार टाळता येतो. अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे वारेच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि वारंवार गर्भपात किंवा तीव्र खुंटलेली वाढ हा त्याचा परिणाम असतो. वेळेत निदान झाले तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिन देऊन अनेक गर्भारपणे सुखरूप पार पडतात. पाठोपाठ बाळे गमावलेल्या बाईला दोष देण्याआधी ही तपासणी करायला हवी, आणि ती होत नाही हे दुःखद आहे.

मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. तिथे या साऱ्या विज्ञानाचे धागे फार आधीपासून, गर्भ राहण्याच्याही आधीपासून सुरू होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण परभणीत ४८ टक्के निघाले. महाराष्ट्रातल्या सर्व जिल्ह्यांत ते सर्वांत जास्त होते. सतरा-अठराव्या वर्षी दिवस राहिलेल्या मुलीचे स्वतःचे शरीर अजून वाढत असते. तिच्या जेवणातली प्रथिने, लोह, कॅल्शियम तिला आणि गर्भाला दोघांनाही हवी असतात. अशा मुलीच्या गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी पडण्याची आणि गर्भारपणात रक्तदाब वाढण्याची शक्यता अधिक. वारेचा पाया पहिल्या चार-पाच महिन्यांत घातला जातो, आणि नेमक्या त्याच काळात अशी मुलगी पहिल्या तपासणीला उशिरा येते किंवा वय लपवण्यासाठी येतच नाही. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता.

दुसरा धागा स्थलांतराचा. गंगाखेड, पालम, जिंतूर अशा तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीच्या आसपास उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाई गरोदर असली तरी तिला मागे ठेवणे परवडत नाही. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दिवाळीला जिचा चौथा महिना आहे तिची शेवटची तिमाही जवळजवळ सगळी फडावर जाते. पहाटेपासून तोडणी, मोळ्या डोक्यावर वाहणे, पाचटाच्या खोपीत झोपणे, लांबून पाणी आणणे. वजनाची भर आणि प्रतिपिंडांची मुख्य वाहतूक, दोन्ही याच आठवड्यांत व्हायची असतात. आशाताई आणि अंगणवाडी गावात राहतात, बाई कारखान्याच्या हद्दीत. माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत राहिले तर धनुर्वाताचे इंजेक्शन झाले की नाही हेही तिकडच्या परिचारिकेला कळत नाही. स्थलांतरित गरोदर बाईची नोंद तिच्याबरोबर प्रवास करत राहील अशी व्यवस्था करणे, हा या जिल्ह्यातल्या नवजात आरोग्याचा सर्वांत तातडीचा भाग मानायला हवा.

आईचे कष्ट आणि बाळाचे वजन यांचा संबंध महाराष्ट्रातच नीट मोजला गेला आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ ते १९९६ या काळात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल, आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपणाआधीपासून स्त्रियांचा पाठपुरावा केला. त्या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि बाळांचे पावणेतीन किलोच्याही खाली. शेतात आणि घरात जास्त कष्ट करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान निघाली. ज्या स्त्रिया पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळे मोठी होती. एकूण खाल्लेल्या उष्मांकांपेक्षा हा फरक अधिक बोलका ठरला. पुढे मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी ‘सरस’ प्रकल्पात साडेसहा हजारांवर स्त्रियांपैकी एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहिला. सगळ्या गटात मिळून बाळांचे वजन वाढले नाही. पण गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्या स्त्रियांच्या बाळांत सरासरी ४८ ग्रॅम वाढ दिसली. दिवस राहिल्यावर सुरू केलेला आहार वारेच्या पायासाठी उशिरा पोचतो, असा त्याचा अर्थ लावता येतो.

आपल्याकडची माणसेच लहान चणीची, म्हणून बाळेही लहान, हे म्हणणे नागपूरच्या आकड्यांनी खोडून काढले आहे. ‘इंटरग्रोथ-२१’ या जागतिक अभ्यासात आठ शहरांपैकी एक नागपूर होते. ऑक्सफर्ड, तुरिन, सिएटल, नैरोबी, मस्कत इथल्या गर्भांबरोबर नागपूरच्या सुस्थितीतल्या, निरोगी, चांगले खाऊन-पिऊन असलेल्या आयांचे गर्भही मोजले गेले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सगळीकडच्या गर्भांची वाढ जवळजवळ सारखी निघाली. आईला सुस्थिती मिळाली तर विदर्भातले किंवा मराठवाड्यातले बाळ पोटात इतरांइतकेच वाढते.

परभणीतले एक काम इथे आवर्जून सांगण्याजोगे आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण विकसित केले आणि ते २०१८मध्ये प्रसारित झाले. त्याच्या दाण्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या ज्वारीत ते अनुक्रमे ३० आणि २०च्या आसपास असते. जस्त पेशींच्या विभाजनाला आणि प्रतिकारशक्तीला लागते, लोह रक्ताला. भाकरी हेच जिथे मुख्य अन्न आहे तिथे हे दाणे मुलींच्या ताटात लग्नाच्या बऱ्याच आधीपासून यायला हवेत. गोळ्यांची जागा ते घेणार नाहीत, पण गोळ्या सुरू होण्याआधीची वर्षे ते भरून काढू शकतात.

प्रयोगशाळेतली मोजणी आता सोपी झाली आहे. पूर्वी जेलीच्या पातळ थरात रक्तद्रव पसरू देऊन तयार झालेल्या वर्तुळाचा व्यास मोजत. आता प्रकाश किती विखुरतो त्यावरून यंत्र काही मिनिटांत आकडा देते. तरीही प्रत्येक बाळाच्या नाळेतली प्रतिपिंडे मोजण्याची शिफारस कोणी करत नाही. कारण स्वच्छ आहे: एकूण आयजीजी कमी निघाले तरी त्याने पहिल्या दिवसाचे उपचार बदलत नाहीत. वजनकाटा आणि शेवटच्या पाळीची तारीख या दोन गोष्टींवरून कोणत्या बाळाला आईकडून कमी मिळाले असणार हे पुरेसे कळते. वजन दोन किलोच्या खाली असेल तर आकडा हातात नसला तरी त्या बाळाला प्रतिपिंडांची उणीव आहे असे धरूनच वागावे.

उणीव आहे तर बाहेरून आयजीजी टोचावे, हा विचार साहजिक आहे आणि तो करूनही पाहिला गेला. अकाली बाळांना शिरेतून आयजीजी दिल्यावर संसर्ग थोडे घटले, मृत्यू घटले नाहीत. ‘आयएनआयएस’ या चाचणीत साडेतीन हजारांच्या आसपास आजारी नवजात बाळांना हे औषध किंवा नुसते द्रव देऊन तुलना केली. २०११मध्ये आलेला निकाल औषधाच्या बाजूने लागला नाही. एवढ्या महागड्या औषधासाठी कुणा बापाला शेत गहाण टाकायला लावण्याइतका पुरावा नाही. मुळात खुंटलेल्या बाळाची उणीव फक्त रक्तातल्या आयजीजीपुरती नसते. त्याची थायमस ग्रंथी लहान असते, पेशींचा प्रतिसाद कमजोर असतो, कातडी पातळ आणि अंगातली ऊब लवकर जाणारी.

या बाळाला वाचवते ते साधे आणि अचूक वेळी केलेले काम. जन्मानंतर निदान मिनिटभर थांबून नाळ बांधली की वारेतले रक्त बाळाकडे जाते. पहिल्या तासात मिळालेल्या चिकात आयजीए भरपूर असते, आणि वारेतून न आलेले हे संरक्षण आतड्याच्या अस्तरावर पसरते. चीक पिळून टाकण्याची किंवा आधी मध, गूळपाणी चाटवण्याची प्रथा काही घरांत अजून आहे, आणि लहान बाळासाठी ती सर्वांत घातक आहे. बाळाला ओढता येत नसेल तर चीक वाटीत काढून चमच्याने पाजता येतो. आईचे दूध मिळत नसेल तिथे दूधपेढी उपयोगी पडते. आशियातली पहिली दूधपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. पाश्चरीकरणात आयजीए थोडे कमी होते, तरी पावडरीच्या दुधापेक्षा ते कितीतरी सरस. आईच्या छातीशी उघड्या अंगाने बाळ धरून ठेवण्याच्या कांगारू पद्धतीत ऊब, दूध आणि आईच्या ओळखीचे जंतू तिन्ही एकदम मिळतात. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केलेल्या लहान बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले.

घरी गेल्यावरचे आठवडे तितकेच नाजूक असतात. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून नवजात बाळांची घरोघर काळजी घेतली आणि १९९९मध्ये नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. त्या गावांत सुमारे ४२ टक्के बाळे कमी वजनाची होती. आशाताईंच्या आजच्या गृहभेटी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीच्या, त्याच कामातून उभ्या राहिल्या. दूध ओढणे मंदावले, अंग गार पडले, बाळ सुस्तावले, ही लहान बाळातल्या जंतुसंसर्गाची पहिली खूण असते. ताप कित्येकदा येतच नाही.

वारेतून जाणाऱ्या प्रतिपिंडांचा जाणीवपूर्वक उपयोग करून घेण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे धनुर्वात. आईला टोचलेल्या लशीची प्रतिपिंडे बाळाकडे जातात आणि नाळेच्या जखमेतून शिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करतात. एकेकाळी विळ्याने नाळ कापल्यावर आठवड्याभरात दगावणारी बाळे आज दिसत नाहीत, आणि २०१५मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले. पहिले गर्भारपण असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे. शेवटचा डोस प्रसूतीच्या फार जवळ आला तर प्रतिपिंडे तयार होऊन पलीकडे जायला वेळ पुरत नाही. बाळ अकाली येण्याची किंवा वाढ मागे पडण्याची शक्यता दिसत असेल तर हे डोस लवकर पुरे करणे शहाणपणाचे. रुबेलाचे तसेच: महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८मध्ये सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत टोचल्या गेलेल्या मुली आता आई होण्याच्या वयात येत आहेत, आणि त्यांच्या गर्भांना त्या आजारापासून संरक्षण असेल.

आईकडून आलेले आयजीजी दर तीन आठवड्यांनी निम्मे होत जाते. बाळाची स्वतःची निर्मिती हळूहळू वाढत असते, तरी तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान एकूण पातळी सर्वांत खाली येते. ज्या बाळाने कमी घेऊन सुरुवात केली त्याचा हा खड्डा अधिक खोल आणि अधिक लवकर येतो. म्हणून अकाली किंवा लहान बाळाचे लसीकरण त्याचे वजन वाढेपर्यंत थांबवायचे नसते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस जन्मतारखेपासून मोजूनच द्यायचे. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण त्याआधी आईची उरलेली प्रतिपिंडे लशीतला विषाणू निष्प्रभ करू शकतात. नवव्या महिन्यापर्यंत ती बहुतेक संपलेली असतात, आणि लहान जन्मलेल्या बाळात तर त्याच्या कितीतरी आधी.